चावडरला फोडणी नको

बॉस्टनजवळ राहायला येऊन आम्हाला १४ हिवाळे झाले. घरात मांस-मासे शिजत नाहीत, त्यामुळे इथलं शिंपल्यांचं प्रसिद्ध चावडर आमच्या वाट्याला आलं नाही. मक्या-बटाट्याचं मात्र मी दर थंडीत करते. पहिली चार-पाच पातेली फसली. त्यातून जे उमगलं ते असं :

१. मिक्सर कपाटातच राहू द्यावा. चावडर म्हणजे गुळगुळीत सूप नव्हे, त्यात फोडी दिसायला हव्यात, दाताखाली यायला हव्यात. दाटपणा बटाट्यातून येतो. इथला रसेट बटाटा शिजला की विरघळतो, लाल सालीचा अखंड राहतो. मी दोन्ही निम्मे-निम्मे घेते, चौघांना मिळून अर्धा किलो. शिजल्यावर दोन डाव फोडी पातेल्याच्या कडेला दाबून घोटायच्या, वरणाला घोटतो तशा. मैदा लागतच नाही.

२. कणसाचं बुरकुंड फेकू नये. हे मला फार उशिरा कळलं आणि अजून हळहळ वाटते. चार कणसांचे दाणे सुरीने उतरवायचे, मग सुरीची उलटी बाजू बुरकुंडावरून दाबत ओढायची. पांढरं, चिकट दूध ताटलीत उतरतं. उरलेली बुरकुंडं पाण्यात अर्धा तास उकळली की त्या पाण्याला असा गोडसर वास येतो की बाजारचा व्हेज स्टॉक त्यापुढे फिका. ऑगस्टमध्ये इथे शेतावरची ताजी कणसं मिळतात, तेव्हाच हे पाणी करून फ्रीझरमध्ये टाकते. आई इंदूरची. माझा हा उद्योग पाहून म्हणाली, "अगं, भुट्ट्याचा कीस करतेयस का?" मका आणि दूध म्हटलं की तिला दुसरं काही सुचतच नाही.

३. कांदा आणि सेलरी लोण्यात मंद आचेवर परतायला पंधरा मिनिटं द्यावीत. कांदा लाल होता कामा नये, नुसता मऊ आणि पारदर्शक व्हावा. जुन्या चावडरमध्ये खारवलेल्या डुकराच्या मांसाची चरबी असे, तिची चव आपल्याकडे येणार कुठून? अर्धा चमचा स्मोक्ड पाप्रिका, एवढंच.

४. दूध शेवटी, तेही कोमट करून. पहिल्याच हिवाळ्यात रंग यावा म्हणून मी दोन टोमॅटो घातले, वर फ्रीजमधलं गार दूध ओतलं आणि खदखदून उकळी आणली. सगळं फाटलं. नवरा म्हणाला, "गाळून घे, पनीर तरी मिळेल." आंबट आणि उकळी एकत्र आली की दूध टिकत नाही. ३६ टक्के स्निग्धांशाचं हेवी क्रीम बरंच सोसतं, म्हणून आता दोन कप दुधाला अर्धा कप क्रीम घालते आणि वाफ दिसली की गॅस बंद. टोमॅटोचा इथल्यांना तसाही राग आहे. १९३९ साली जवळच्या मेन राज्यात चावडरमध्ये टोमॅटो घालण्यावर बंदी आणणारं विधेयक मांडलं गेलं होतं!

५. फोडणी नको. मोहरी, हिंग, कढीपत्ता घालून एकदा केलं. झकास झालं, दोनदा वाढून घेतलं, पण ती मक्याची कढी होती.

६. मीठ चव पाहूनच घालावं, कारण वर कुस्करायची क्रॅकर्स खारट असतात. क्रॅकर्सची प्रथा जुनी आहे. १७५१ साली बॉस्टनच्या वर्तमानपत्रात चावडरची कृती छापून आली, तिच्यात दूध नाही, बटाटाही नाही, पण जहाजावरची टणक बिस्किटं आहेत.

दुसऱ्या दिवशी चावडर आणखी घट्ट होतं आणि जास्त चांगलं लागतं. आई आली होती तेव्हा क्रॅकर्स संपली होती. तिने उरलेलं चावडर मंद आचेवर कोमट केलं, कालची ज्वारीची भाकरी त्यात कुस्करली, वर मिरपूड घातली आणि वाटी हातात घेऊन खिडकीपाशी बर्फ बघत बसली. "दूध-भाकरीच की ही," म्हणाली. "नाव कशाला एवढं अवघड ठेवलंय?"