उपरी आणि शेताचा कोपरा

वाचावयाचा भाग : लेवीय १९:९-१० व ३३-३४, रूथ अध्याय २.

रूथेचा ग्रंथ आपण बहुधा सुनेच्या निष्ठेची कथा म्हणून वाचतों. ह्या आठवड्यांत तो बेथलेहेमकरांच्या बाजूनें वाचूं. दुष्काळ पडला तेव्हां नामीचें कुटुंब मवाब देशीं जाऊन राहिलें होतें. पुढें ती विधवा होऊन परत आली, आणि तिच्यामागून एक मवाबी विधवा गांवांत शिरली. मवाबी लोकांविषयीं इस्राएलांत किती कटुता होती, हें अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायांत दिसतें. तरी रूथेला कोणी वेशीबाहेर घालविलें नाहीं. तसेंच कोणी धान्याचें पोतेंही तिच्या दारीं आणून टाकलें नाहीं. तिला सरवा वेचण्याची मोकळीक मिळाली, आणि ती सकाळपासून शेतांत राबली.

आतां लेवीयांतील नियम नीट पाहा. शेताचा कोपरा कापूं नये व सरवा वेचूं नये, तो राखून ठेवावा, कोणासाठीं? गरिबासाठीं व उपऱ्यासाठीं. दोघांचीं नांवें एका दमांत घेतलीं आहेत. गांवचा कंगाल मनुष्य व परदेशची विधवा एकाच बांधाला वेचीत आहेत, असें तें चित्र आहे. निर्वासितांना आसरा देतांना जगांत जे प्रश्न उठतात, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ ह्या दोन नांवांची ताटातूट होण्यांत आहे, असें आम्हांस वाटतें.

केनिया देशाच्या वायव्येस तुर्काना नांवाचा कोरडा मुलूख आहे. तेथील लोक शेळ्यामेंढ्या व उंट पाळून राहतात. १९९२ सालीं सुदानांतील लढाईंतून पळालेल्या लोकांसाठीं तेथें काकूमा ही छावणी उघडली. निर्वासितांना शिधा मिळे; परंतु परवानगीवांचून छावणीबाहेर जाण्याची त्यांना अनेक वर्षें मुभा नव्हती. म्हणजे पोतें होतें, पण शेत नव्हतें. आणि कुंपणाबाहेरच्या धनगराचें काय? अवर्षणानें त्याचीं गुरें मरत, आणि परक्याच्या घरीं धान्य उतरतांना तो पाहत असे. तो जळण व कोळसा घेऊन छावणीच्या दारीं येई आणि त्याच शिध्यांतलें धान्य बदल्यांत नेई. दोघे एकमेकांच्या गरजेचे होते, तरी भांडणें होत, प्रसंगीं रक्तही सांडे. धनगराच्या रागाला दुष्टपणा म्हणणें सोपें आहे. पण भुकेल्या मनुष्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला जेवूं घालणें हें अर्धेंच दान होय. पुढें २०१६ मध्यें जवळच कालोबेयेई येथें निर्वासित व तुर्काना लोक ह्या दोघांसाठीं मिळून वसाहत उभी राहिली, आणि २०२१ च्या कायद्यानें निर्वासितांची वाट कांहींशी मोकळी केली.

शेजारच्या युगांडानें दुसरी रीत धरली. तेथें २००६ च्या कायद्यानें निर्वासितास काम करण्याची व देशांत फिरण्याची मोकळीक आहे. २०१६ च्या ऑगस्टांत दक्षिण सुदानांतून लोंढे येऊं लागले, तेव्हां युंबे जिल्ह्यांत बीडी बीडी ही वसाहत वसविली. थोड्याच महिन्यांत तेथें अडीच लाखांवर माणसें झालीं. जमीन सरकारी नव्हती, तेथील कुळांची होती. कुळांच्या वडील मंडळींनीं ती भाडें न घेतां दिली, आणि प्रत्येक कुटुंबास घर व भाजीपाला ह्यांपुरता तुकडा मिळाला. त्यांनीं ती कां दिली? एक कारण व्यवहाराचें : शाळा, दवाखाने व रस्ते आपल्यालाही मिळतील ही आशा. मदतीचा शेंकडा तीस भाग यजमान गांवांसाठीं असावा, असें तेथें ठरलेंही आहे. दुसरें कारण आठवणीचें. १९७९ मध्यें इदी अमीनचें राज्य कोसळल्यावर ह्याच भागांतले पुष्कळ लोक जीव घेऊन सुदानांत पळाले होते, व त्यांनीं तेथें वर्षेंच्या वर्षें काढलीं होतीं. तुम्हीही मिसर देशांत उपरे होतां, असें स्मरण देव इस्राएलास वारंवार कां देतो, हें युंबेच्या म्हाताऱ्यांस शिकवावें लागलें नाहीं.

ह्यावरून तेथें सर्व सुरळीत चाललें असें मात्र समजूं नये. छपरासाठीं गवत व चुलीसाठीं झाडें तोडलीं जाऊं लागलीं, तेव्हां मूळच्या लोकांनीं बायकांना रानांत अडविलें. वर्गांत एका शिक्षकापुढें शंभराहून अधिक मुलें बसूं लागलीं. जमीन पुष्कळ ठिकाणीं खडकाळ. तिच्यावर कुटुंबाचें पोट भरेना, आणि २०२० मध्यें पैशाच्या टंचाईमुळें शिधाही घटला. ज्यांनीं आशेनें जमीन दिली होती त्यांपैकीं कांहींजण, कबूल केलेलें कोठें आहे, असें विचारूं लागले. हा प्रश्न रास्त आहे. जगानें पाहुणचाराचें श्रेय वांटून घ्यावें आणि खर्च मात्र एका गरीब जिल्ह्यावर ठेवावा, ह्याला बवाजाची रीत म्हणतां येत नाहीं. त्यानें स्वतःच्या शेतांतलें दिलें.

आपल्या जवळचेंही एक उदाहरण आहे. कोल्हापुराजवळ वळिवडे येथें १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक स्त्रिया व मुलें. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतें, आणि डोळे परतीच्या वाटेकडे लागलेले होते. ते गेले. त्याच जागीं फाळणीनंतर सिंधी कुटुंबें आलीं. त्यांना परतीची वाट नव्हती, म्हणून त्यांनीं दुकानें मांडलीं, आणि आज तेथील गांधीनगरच्या कापडबाजारांत दूरदूरचीं गिऱ्हाइकें येतात. जागा एकच; पाहुणा कोण व गांवकरी कोण, हें काळानें व कामानें ठरविलें.

रूथेलाही वेळ लागला. चौथ्या अध्यायांत वेशीपाशीं सौदा चालला असतां ती अजून मवाबी रूथच आहे. लग्न झाल्यावर मात्र ग्रंथकार तिला नुसती रूथ म्हणतो. वर्गांत हा भाग घेतांना दुसऱ्या अध्यायाचीं १४ ते १८ हीं वचनें मोठ्यानें वाचावीं : बवाजानें तिला जेवावयास आपल्या माणसांबरोबर बसविलें, आणि पेंढ्यांतून मुद्दाम कणसें टाकण्यास सांगतांना तिला बोल लावूं नका असें बजावलें. संध्याकाळीं ती घरीं आली तेव्हां पोटभर जेवून उरलेलें तिनें सासूपुढें ठेवलें.