गिअरबॉक्स तीनदा उतरवला त्याची गोष्ट

माझ्या जिप्सी किंगचं 1298 सीसीचं इंजिन थकलं, म्हणून 1999 मध्ये आलेल्या जुन्या सेडान बलेनोचं 1590 सीसीचं इंजिन घेतलं. ते दोन दिवसांत बसलं. फ्लायव्हील आणि क्लचने मात्र दोन महिने खाल्ले.

1. मोजमाप गिअरबॉक्सकडून सुरू करा. क्लच प्लेटचं मधलं भोक गिअरबॉक्सच्या शाफ्टचं ऐकतं, बाहेरचा घेर प्रेशर प्लेटचा आणि फ्लायव्हीलचा. मी इंजिनाचं नाव सांगून किट मागितलं. प्लेट शाफ्टवर चढेचना. तेव्हापासून जुनी प्लेट पिशवीत घालूनच दुकानात जातो.

2. सेल्फचे दाते आणि रिंग गिअरचे दाते एकमेकांना लावून बघा. दुकानदाराच्या "बसतंय हो" वर जाऊ नका.

3. पायलट बेअरिंग. माझी खरी फजिती इथे झाली. बलेनोचं इंजिन आडवं, जिप्सीचं उभं. जिप्सीच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पुढे या छोट्या बेअरिंगमध्ये टेकतं. मला मिळालेल्या फ्लायव्हीलला त्याची जागाच नव्हती. मिस्त्री म्हणाला, "चालतंय की साहेब!" चाललंही, आठवडाभर. मग क्लच पूर्ण दाबूनही पहिला गिअर करकरायला लागला. उतरवून बघितलं, तर शाफ्टचं टोक लोंबकळत होतं आणि प्लेट एका बाजूने घासलेली. शेवटी लेथवर बुश कातून बेअरिंगसाठी घर करून घेतलं. ते बरोबर मध्यावर आलंय का, हे डायल गेज लावून बघितल्याशिवाय लेथवाल्याला पैसे देऊ नका.

4. फ्लायव्हील हलकं करायचा मोह आवरा. कडेचं वजन सर्वांत जास्त काम करतं: मध्यापासूनचं अंतर दुप्पट, तर जडत्व चौपट. रॅलीवाल्याला हलकं हवं असेल. मला चिखलातल्या चढावर कमी आरपीएमला रांगायचं असतं, तिथे हलक्या फ्लायव्हीलची गाडी पटकन बंद पडते. शिवाय बिडाचं चाक तासून पातळ केलं आणि ते वेगात फुटलं, तर तुकडे तुमच्या पायांपाशीच येतात.

5. नव्या प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेल असतं. ते थिनरने पुसा. स्प्लाईनवर ग्रीस बोटभर नको, नखभर.

6. आरटीओची परवानगी आधी घ्या, आरसीवर नव्या इंजिनाची नोंद करून घ्या. यावर जास्त बोलत नाही, रक्तदाब वाढतो.

7. टॉर्क 103 न्यूटन मीटरवरून 130 च्या आसपास गेला, म्हणून प्रेशर प्लेट जास्त दाबाची घेतली. पॅडल जड झालं. केबल मात्र तीच ठेवली, तीनशे-चारशे रुपये वाचवायला. ती ताम्हिणीत तुटली. मग प्रत्येक वेळी थांबल्यावर पहिल्या गिअरमध्येच सेल्फ मारत, गचके खात पौडपर्यंत आलो.