खाऱ्या पाण्याची पहिली टाकी: आधी काय, नंतर काय

ठाण्याच्या घरात बरीच वर्षं गोड्या पाण्यातले मासे पाळल्यावर मी खाऱ्या पाण्याची दोन फुटी टाकी मांडली. दीड वर्षात ती मोडून चार फुटी मांडावी लागली. त्या उलाढालीत एक गोष्ट पक्की कळली: जे नंतर बदलता येत नाही, त्यावर आधी पैसे घाला. जे नंतर जोडता येतं, ते थांबू शकतं.

१. जागा मोठ्या टाकीची ठरवा. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावतं. काच, दगड आणि स्टँड धरून वजन ४०० किलोच्या घरात जातं. इमारतीच्या इंजिनिअरला विचारून बीमजवळची, ऊन न येणारी भिंत निवडा. स्टँड पहिल्याच दिवशी चार फुटी करा. आज त्यावर लहान टाकी बसली तरी चालेल.

२. भोक आधीच पाडून घ्या. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या भोकातून खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये, उतरतं आणि पंपाने परत वर येतं. पाण्यातली घाण काढणारा स्किमर, हीटर, पुढे चिलर, सगळं त्या संपच्या आधाराने जोडता येतं. माझ्या पहिल्या टाकीला भोक नव्हतं. भरलेल्या टाकीला ते पाडता येत नाही आणि टफन्ड काच तर पाडायला जाताच फुटते. आज संप नको असेल तर भोकाला बूच लावा. संप बसवाल तेव्हा वीज गेल्यावर वरून उतरणारं पाणी मावेल इतकी जागा त्यात रिकामी ठेवा.

३. पाण्यात काटकसर नको. टीडीएस शून्य दाखवणारं आरओ-डीआय पाणीच वापरा. पिण्याच्या पाण्याचा घरचा आरओ तिथवर पोचत नाही. मीठ रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास हवं. वाफ होते ती फक्त पाण्याची, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घाला. दोन फुटी टाकीच्या ५५ लिटरमधले दोन लिटर उडाले तर खारेपणा लगेच चढतो; २५० लिटरमध्ये तो जेमतेम हलतो. नवशिक्याला मोठी टाकी सोपी जाते ती यामुळे.

४. उन्हाळ्याचा विचार हिवाळ्यातच करा. माशांना साधारण २५-२६ अंश मानवतात. आपल्याकडे मे महिन्यात पाणी ३० च्या वर जातं आणि पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी. अशाच एका रात्री वीज गेली, पंप थांबला आणि सकाळी दोन क्लाउनफिशपैकी एक गेला होता. आता पाणी फिरवणारा पंप इन्व्हर्टरवर आहे. चिलर महाग असतो, तो नंतर घ्या. पण त्याच्यासाठी वेगळा वीजजोड आणि जागा आत्ताच राखा.

५. उपकरणं वाढवता येतात, माशांना वाट पाहायला लावू नका. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया, नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा आणू नका. ब्लू टँग दुकानात बोटाएवढा दिसतो, पण तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. ‘पुढे मोठी टाकी घेऊ’ या भरवशावर त्याला घरी आणणं अन्याय आहे.

६. कायदा आधी वाचा. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते काढणं, विकणं गुन्हा आहे. टाकीत सिरॅमिकचे दगड रचा, जिवाणू त्यावरही रुजतात. प्रवाळ नाहीत म्हटल्यावर महागडे दिवेही लागत नाहीत. मासे शक्यतो हॅचरीत वाढलेलेच मागा.

त्या रात्री वाचलेला क्लाउनफिश आज चार फुटी टाकीत आहे. चिलर यायला आणखी दोन वर्षं लागली, पण तो आला त्या दिवशी त्याची जागा तयार होती आणि टाकीतलं पाणी तांब्याभरही उपसावं लागलं नाही.