घरची सायकल, घरचा मिस्त्री

मागच्या पावसाळ्यात आपल्या रात्रीच्या वर्गातील एक बाई चार दिवस आल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या, तेव्हा मी विचारले, "का हो बाई, बरे नव्हते का?" त्या म्हणाल्या, "मला काय धाड भरली गुरुजी! पोरीची सायकल बसली, म्हणून पोरगी बी घरीच बसली. तिच्यापायी माझं बी येणं झालं नाही."

सायकल पाहायला मी त्यांच्या घरी गेलो. गोठ्यात कडब्याला टेकवून ठेवलेली होती. चांगली नवी सायकल, पण मागचे चाक जमिनीला चिकटलेले. गावात पंक्चर काढणारा कोणी नाही. पूर्णेला जायचे तर सायकल ढकलत न्यायची, म्हणजे घरच्या एका माणसाचा रोज बुडाला. मी पाहिले तर ट्यूबला एक भोकही नव्हते. वालातील रबराची बोटभर नळी तेवढी फाटली होती. तिची किंमत चहाच्या कपाइतकीही नाही. तेवढ्यासाठी नववीतल्या मुलीची चार दिवसांची शाळा बुडाली.

महाराष्ट्र सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळत आल्या आहेत. सायकल मिळते, पण ती दुरुस्त कशी करावी हे सांगणारे कोणी बरोबर येत नाही. म्हणून हा धडा. तो आयाबायांनीही वाचावा. सायकलीचे काम पुरुषाचेच, असे कोठे लिहून ठेवलेले नाही.

हवा का गेली?

सायकल बसली की लोक म्हणतात, पंक्चर झाले. थोडे थांबा. हवा एकदम गेली की रात्रीतून हळूहळू गेली? हळूहळू गेली असेल तर आधी वाल पाहावा. खरा शब्द व्हॉल्व्ह. आपण त्याला वाल म्हणतो, तोच या धड्यात ठेवू.

चाकात हवा भरा. बोटाला थुंकी किंवा पाणी लावून ते वालाच्या तोंडावर धरा. बुडबुडा आला, तर दोष वालात आहे. वालाचा वरचा नट सोडवा. आतून एक लहानशी पिन निघते. तिच्या अंगाला एक बारीक छिद्र असते आणि त्यावर रबराची नळी चढवलेली असते. तीच वालट्यूब. पंपाची हवा त्या छिद्रातून येते, रबराला बाजूला सारते आणि ट्यूबमध्ये शिरते. मग आतली हवाच रबराला छिद्रावर दाबून धरते, म्हणून ती परत बाहेर येत नाही. घराचे दार आतून ढकलून बंद व्हावे, तसेच हे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे रबर कडक होते आणि चिरते.

नवी नळी चढवताना ती पाण्याने ओली करा. तेल लावू नका, तेलाने रबर सडते. नळीने पिनेचे छिद्र पुरते झाकले पाहिजे. वालट्यूबचा हातभर तुकडा घरात आणून ठेवला तर दोन वर्षे पुरतो. काही नव्या सायकलींना मोटारसायकलीसारखा वाल असतो. त्यात ही नळी नसते. आतली पिन सैल झाली असेल तर ती लहान किल्लीने आवळावी लागते.

पंक्चर काढणे

वाल ठीक असेल, तर मग पंक्चर. साहित्य जमवा: परातभर पाणी, पंप, सोल्यूशनची नळी, पॉलिशपेपरचा तुकडा, जुन्या ट्यूबचे ठिगळ आणि टायर उचलायला दोन लिव्हर. लिव्हर नसतील तर जाड चमच्यांचे दांडे चालतात. स्क्रू-ड्रायव्हर मात्र घालू नये. एक पंक्चर काढताना तो दुसरे पाडतो.

मागचे चाक असले, तरी ते सायकलीतून काढण्याची गरज नाही. आधी सगळी हवा सोडा. वालाच्या बुडाचा नट काढा. वालाच्या समोरच्या बाजूने सुरुवात करून टायरची एकच कड रिमबाहेर काढा. वाल आत ढकलून ट्यूब ओढून घ्या, तिच्यात थोडी हवा भरा आणि परातीतील पाण्यात हळूहळू फिरवा. जेथून बुडबुडे येतात तेथे भोक. तेथे खूण करा.

आता भोकाकडे नीट पाहा. ते काहीतरी सांगत असते. बाहेरच्या अंगाला एकच भोक असेल तर काटा किंवा खिळा. आतल्या, म्हणजे रिमकडच्या अंगाला असेल, तर तारेचे टोक वर आले आहे किंवा रिमवरची पट्टी फाटली आहे. जवळजवळ जोडीने दोन चिरा असतील, तर हवा कमी असताना सायकल दगडावर आदळली आणि रिमने ट्यूब चावली. तेथे काटा शोधून उपयोग नाही, यापुढे हवा पुरती ठेवावी.

आपल्या भागात निम्मी पंक्चरे बाभळीच्या काट्याची आणि निम्मी सराट्याची, असा माझा हिशेब आहे. कोणी मोजून पाहिलेले नाही, पण तुम्हीही हेच म्हणाल. सराटा फार लबाड. त्याचे टोक टायरमध्ये मोडून राहते आणि वरून दिसत नाही. एकदा एकाच चाकाचे पंक्चर मी तीन वेळा काढले आणि तिन्ही वेळा सोल्यूशनला शिव्या दिल्या. चौथ्या वेळी घरातून आवाज आला, "अहो, टायर आतून पाहिलं का?" पाहिले नव्हते. टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. काटा असेल तेथे कापूस अडकतो. नुसते बोट फिरवले तर काटा सापडतो खरा, पण बोटालाच!

ट्यूब कोरडी करा. भोकाभोवती पॉलिशपेपरने घासून ती खरबरीत करा. ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर सोल्यूशनचा पातळ हात द्या. ठिगळावरही द्या. आता पाच मिनिटे काही करू नका. ओल्यावरच ठिगळ दाबून बसवायची सर्वांना घाई असते, आणि म्हणूनच ते सुटते. बोटाला चिकटेनासे झाले की ठिगळ बसवून जोराने दाबा. वरून खडूची भुकटी लावा. खडूचा तुकडा आपल्या वर्गातून न्या, माझी हरकत नाही.

ट्यूब परत घालताना तिच्यात नावापुरती हवा असू द्या, म्हणजे ती पिळत नाही. वाल भोकात घाला आणि ट्यूब टायरमध्ये नीट बसवा. टायरची कड वालाच्या समोरून बसवत वालापाशी संपवा. शेवटचे वीतभर फार घट्ट जाते. तेथेही लिव्हर न लावता दोन्ही अंगठ्यांनी रेटा. मग वाल एकदा आत दाबून पाहा. ट्यूब कडेखाली सापडली असेल तर सुटेल. त्यानंतर हवा भरा.

ही हवेची ट्यूब सायकलीला मिळाली, तिचे श्रेय जॉन डनलॉप यांना देतात. ते गुरांचे डॉक्टर होते आणि आयर्लंडमध्ये बेलफास्ट गावी राहत. मुलाची तीनचाकी दगडी रस्त्यावर फार आदळते, म्हणून त्यांनी चाकाला हवा भरलेली रबरी नळी बसवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. आपल्याकडच्या किर्लोस्कर कारखान्याचा आरंभही १८८८ सालचाच सांगतात, आणि तोही बेळगावातील सायकलीच्या दुकानापासून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे लोखंडी नांगर केला, तो तुमच्या आजोबा-पणजोबांनी चालवला असेल.

टायरवरचे आकडे

तुम्ही आकडे वाचायला शिकलात, त्याचा येथे रोकडा फायदा आहे. टायरच्या कुशीवर त्याचे माप उठवलेले असते, इंग्रजी आकड्यांत. जुन्या काळ्या, मोठ्या सायकलीला बहुधा २८ × १ १/२ असते. मुलींच्या सायकलीला पुष्कळदा २६ असते. पण नुसते "सव्वीसचा टायर द्या" म्हणू नका. २६ × १ ३/८ हा एक टायर, आणि २६ × १.७५ हा दुसरा. दोन्ही सव्वीसचे, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. पहिल्याची रिम मोठी असते. बाजाराला गेलेला माणूस भलताच टायर घेऊन येतो, आणि पुन्हा एक खेप पडते. जाण्यापूर्वी सगळे आकडे, पूर्णांक, अपूर्णांक, टिंबासकट, कागदावर उतरून न्या.

ब्रेक

पंक्चरने शाळा बुडते, पण ब्रेकने जीव जातो. म्हणून हा भाग दोनदा वाचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझी सायकल फार कुरकुरत होती. मी तेलाची बाटली घेतली आणि दिसेल तेथे तेल सोडले. रिमवर सोडले, ब्रेकच्या रबरावरही सोडले. कुरकुर गेली. दुसऱ्या दिवशी नदीच्या उतारावर ब्रेक दाबला, तर सायकल ऐकेना. शेवटी बोराटीच्या कुपात शिरलो, म्हणून थांबलो. दोन दिवस काटे काढत होतो. रिमला आणि ब्रेकच्या रबराला तेलाचा थेंबही लागता कामा नये. लागला तर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे पुसा.

रबर आणि रिम यांत दोन नाणी एकावर एक ठेवून बसतील एवढे अंतर असावे. जास्त असेल तर तार किंवा सळई नटाने ओढून घ्या. रबर झिजून लोखंड रिमला लागू लागले, तर वाट पाहू नका, नवे घाला. घालताना एक गोष्ट पाहा. रबर ज्या लोखंडी खोबणीत बसते, तिचे एक तोंड बंद आणि एक उघडे असते. ब्रेक दाबल्यावर रिम ज्या दिशेला सरकत असते, त्या दिशेला बंद तोंड यावे. उलटे बसवले तर जोरात ब्रेक दाबताच रबर खोबणीतून निसटून पडते. असे निसटलेले रबर मी पाहिले आहे.

तपासणी सोपी आहे. सायकलीवर न बसता ती ढकलत चला आणि एक एक ब्रेक दाबा. चाक जागीच अडले पाहिजे. नंतर पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहा. चाक न वळता हँडल वळले, तर मधला बोल्ट आवळा.

चेन

चेन मधोमध बोटाने वरखाली करून पाहा. अर्धा इंचभर हलावी. फार सैल असेल तर उतरते. फार ताठ असेल तर पायंडल जड जाते आणि चेन लवकर झिजते. मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढा, ते दोन्ही दांड्यांच्या बरोबर मध्ये आहे ना पाहा, आणि नट घट्ट आवळा. तेल द्यायचे ते शिलाई मशीनचे. करडईचे किंवा शेंगदाण्याचे देऊ नका, ते चिकट होऊन धूळ धरते. आधी फडक्याने चेन पुसा, एकेका कडीवर थेंब सोडा, आणि वरचे तेल पुसून घ्या. तेल कड्यांच्या आत हवे, वर त्याचे काही काम नाही.

पावसाळा

काळ्या रानात पाऊस पडला म्हणजे माणूस सायकलीवर बसत नाही, सायकल माणसावर बसते. चिखल मडगार्डात भरून चाक अडते. अशा वेळी रेटून पायंडल मारू नका. उतरा, काडीने चिखल काढा, आणि घरी गेल्यावर तो वाळण्यापूर्वी धुऊन टाका. वाळला की दगड होतो. उन्हाळ्यात सायकल सावलीत ठेवा.

मिस्त्रीकडे केव्हा जावे?

पायंडलाच्या प्रत्येक फेरीला टक्‌ टक्‌ वाजत असेल, तर कॉटर पिन सैल असते. तिचा नट आवळून पाहा. तरी वाजले तर पिन बदलावी लागते, ते काम मिस्त्रीचे. चाक डुलत असेल किंवा तारा तुटल्या असतील, तरीही त्याच्याकडेच जावे. हँडलखालच्या, पुढच्या चाकाच्या दोन पायांना चीर दिसली, तर त्या सायकलीवर कोणाला बसू देऊ नका, डाग देऊनही नाही.

करून पाहा

१. घरच्या किंवा शेजारच्या सायकलीच्या टायरवरचे माप वहीत लिहा. पुढच्या व मागच्या टायरचे माप एकच आहे का?
२. वालाला थुंकी लावून पाहा. बुडबुडा आला का?
३. ब्रेकच्या रबराच्या खोबणीचे बंद तोंड कोणत्या दिशेला आहे? उलटे असेल तर आजच फिरवा. उद्याच्या वर्गात सांगा.