धुरा राखला तर वैरण राहते

पूर्णा तालुक्यातलं आमचं चुडावा काळ्या जमिनीच्या पट्ट्यातलं. या भागात सोयाबीन, कापूस, हळद वाढली, पाणी पोचलं तिथे ऊस आणि केळी आली, आणि चरायची जागा आटत गेली. आखाड्यावर लालकंधारी गुरं सांभाळत शेती करताना, रानातल्या पाखरा-किड्यांनाही जागा ठेवताना जे कळत गेलं, ते लिहितो.

१. धुरा, म्हणजे बांध, नांगरू नये. दरवर्षी नांगराचं एक तास धुऱ्यात सरकलं तर रान वाढल्यासारखं वाटतं, पण त्या पट्टीवरच मारवेल, हरळी, बोर आणि बाभूळ असते. तितर तिथेच जमिनीवर अंडी घालतात, मुंगूसही तिथेच फिरतं. धुऱ्यावर तणनाशक मारलं की भाद्रपदातली फुकटची हिरवी वैरण जाते. मी अर्धा धुरा फुलोऱ्यात कापतो, तेव्हा गवत कसदार असतं. उरलेला अर्धा बी झडल्यावर. पुढच्या वर्षी जागा बदलतो.

२. ज्वारी एकट्याने पेरू नये. सोयाबीनच्या भुसकटावर बैलाचं अंग धरत नाही, त्याला कडबाच लागतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाची ‘परभणी मोती’ रब्बीत धान्य आणि कडबा दोन्ही देते. तरी लोक ज्वारी सोडतात, कारण पाखरं खातात. खरं कारण वेगळं आहे. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जायचा. आता एकाच वावरात कणसं असली तर सगळे थवे तिथेच उतरणार. त्या शेतकऱ्याच्या रागाला मी नावं ठेवत नाही. लगतच्या चार-पाच जणांनी ठरवून पेरली तर नुकसान सोसण्याइतकं राहतं, गंज रचता येते, राखणही वाटून होते.

३. गायरानाचा प्रश्न घाईने सोडवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. पण मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी गायरानं कसायला घेतली, त्यामागे दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाची परंपरा आहे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी कसणूक नियमित करण्याचा शासनाचाच निर्णय आहे. ज्याचं पोट त्या एकराभरावर आहे त्याला उठवून गवत वाचवणं मला मान्य नाही. उरलेलं गायरान तरी नीट वापरावं. पावसाळ्यात त्याचा एक भाग चराईला बंद ठेवावा, बी पडू द्यावं, मग गुरं सोडावीत.

आणि सगळ्या गायरानावर खड्डे खोदून रोपं लावू नयेत. माळ ओसाड दिसला तरी ओसाड नसतो. चंडोल तिथेच घरटं करतो. हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी रात्री गवतातच जमिनीवर बसतात आणि दिवसा आपल्या पिकावरचे नाकतोडे खातात. तिथे दाट झाडी उभी केली तर गुरांचा चारा जातो, भोवत्यांचा निवाराही जातो.

४. गुरांच्या सुईचं नाव विचारावं. पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९० नंतरच्या दीड दशकात देशात जवळजवळ हजारात एक उरली. कारण डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध. ते टोचलेलं जनावर लगेच मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांना वापरल्या जात, म्हणून २०१५ मध्ये त्याही बंद झाल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांच्यावरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना चालतं आणि बैलालाही आराम देतं. गिधाडं गेल्यावर मेलेल्या ढोरांवर कुत्री पोसली आणि पिसाळण्याचा धोका वाढला. म्हणून डॉक्टर आले की मी औषधाची बाटली हातात घेऊन नाव वाचतो. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

५. जंताचं औषध सवयीने पाजू नये, टोचूही नये. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध शेणातून बाहेर पडतं आणि शेणकिड्यांच्या अळ्या मारतं. हे किडे शेण जमिनीत गाडतात, माती भुसभुशीत करतात आणि माश्या कमी ठेवतात. आधी शेण तपासून घ्यावं. तालुक्याच्या दवाखान्यात विचारावं, नाहीतर परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

६. रोही आणि रानडुकरांसाठी झटका मशीन चालेल. तारेत थेट वीज सोडू नये. त्यात रोही मरतो, रात्री पाणी द्यायला गेलेला सालगडीही मरतो.

७. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार प्रत्येक गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. ती लिहिताना गवत कापणाऱ्या बाया आणि म्हातारे गुराखी आधी बोलवावेत. गाय कुठलं गवत टाळते, कुंदा कुठल्या वावरात चिवट आहे, लालकंधारीचे चांगले वळू कुणाच्या दावणीला आहेत, तितराची पिल्लं कुठल्या महिन्यात दिसतात, हे त्यांना विचारावं. सांगणाऱ्याचं नाव नोंदीशेजारी लिहावं, आणि ती वही दरवर्षी ग्रामसभेत वाचायला लावावी.