खेळाडूला ओळखणारा खेळ

जपानमधील ताइतो कंपनीने १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा व्हिडिओ खेळ बाजारात आणला. त्यात पाच रांगांत उभे असलेले पंचावन्न परग्रहवासी आडवे सरकत सरकत खाली उतरतात. खेळाडू त्यांना जसजसा टिपत जातो, तसतशी उरलेल्यांची चाल वाढते. शेवटचा एकटा तर धावतच सुटतो. रचनाकार तोमोहिरो निशिकादो यांनी ही योजना आधी आखलेली नव्हती. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा नव्याने उमटत असे आणि दर वेळी एकच आकृती जागची हलत असे. साहजिकच पंचावन्नांची पलटण एक पाऊल टाकावयास जवळजवळ एक सेकंद घेई. पाचच उरले की तेच पाऊल एक द्वादशांश सेकंदात पडे. यंत्राच्या दुबळेपणातून उद्भवलेला हा परिणाम निशिकादोंनी मुद्दाम राहू दिला, आणि खेळाची रंगत त्यानेच वाढविली.

तथापि हा खेळ खेळाडूला ओळखतो असे म्हणता येणार नाही. नवशिक्या असो वा मुरलेला, दोघांनाही तो सारखेच वागवितो. पुढे अनेक खेळांत प्रारंभीच सोपा, मध्यम किंवा कठीण यांपैकी एक स्तर निवडण्यास सांगण्याची प्रथा पडली. परंतु जो खेळ अद्याप खेळलेलाच नाही, त्यात आपण किती तरबेज आहोत हे कोणी कसे सांगावे? म्हणून खेळ चालू असतानाच खेळाडूचे कौशल्य अजमावून काठिण्य कमीअधिक करण्याची कल्पना पुढे आली.

यातील अवघड भाग काठिण्य बदलण्याचा नाही. शत्रूंची संख्या, त्यांचा वेग, खेळाडूच्या हाती पडणारा दारूगोळा, हे सारे आकडेच असतात व ते क्षणात बदलता येतात. अवघड आहे ते मोजमाप. कंपाइल या जपानी संस्थेच्या १९८६ मधील ‘झानॅक’ या अंतराळयुद्धाच्या खेळात खेळाडूच्या गोळीबारावरून शत्रूची तीव्रता वाढविली जाई आणि खेळाडूचे यान नष्ट झाले की ती उतरे. आता जो मोजमापाचा नियम जाणतो, तो नेम सुधारण्याऐवजी गोळ्या जपून झाडावयास शिकतो. मापदंड चुकीचा निवडला की खेळाडू खेळाशी न खेळता मापदंडाशीच खेळू लागतो, आणि सर्वांत वाईट म्हणजे मुद्दाम वाईट खेळणे फायद्याचे ठरते.

दुसरी अडचण अस्थिरतेची. एका पराभवाने खेळ सोपा झाला आणि एका विजयाने पुन्हा कठीण झाला, तर खेळाडू त्या हेलकाव्यांनी भांबावून जातो. विजेच्या इस्त्रीत ठरावीक तापमानाला प्रवाह बंद होतो, पण तो पुन्हा सुरू होण्यासाठी इस्त्री बरीच निवावी लागते. रचनाकारानेही चढण्याची व उतरण्याची मर्यादा अशीच वेगळी ठेवावी आणि एका प्रसंगावरून नव्हे, तर अनेक प्रयत्नांच्या सरासरीवरून निर्णय घ्यावा.

व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या २००८ मधील ‘लेफ्ट ४ डेड’ या खेळाने निराळीच वाट धरली. चार सहकारी पिसाळलेल्या झुंडींतून वाट काढतात व एक अदृश्य ‘दिग्दर्शक’ प्रत्येकावरील ताणाचा हिशेब ठेवतो. जखम झाली, शत्रू अगदी जवळ येऊन मारला गेला, की हा आकडा वाढतो. शांततेत तो हळूहळू उतरतो. ताण शिगेला पोहोचला की काही सेकंदांत नव्या झुंडी थांबतात आणि चालू झटापट संपल्यावर साधारण ३० ते ४५ सेकंद उसंत मिळते. येथील मर्म असे की शत्रूचे बळ कमी होत नाही. बदलते ती केवळ हल्ल्यांची लय. नाटकात एका उत्कट प्रवेशानंतर प्रेक्षकाला श्वास घेऊ द्यावा, तसेच हे आहे. त्यामुळे मिळालेला विजय खेळाडूला आपला वाटतो.

विजय कोणाचा, हा प्रश्न इतरत्र मात्र सुटत नाही. कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल ४’ (२००५) मध्ये खेळाडू वारंवार मरू लागला की शत्रू गुपचूप संख्येने घटतात व कमी आक्रमक होतात. बहुतेकांना हे उमगतही नाही, आणि न उमगण्यातच त्या युक्तीचे यश आहे; पण ज्याला ते मागाहून कळते, त्याला आपले शौर्य उसने वाटले तर त्यात नवल नाही. त्याच खेळाच्या सर्वांत कठीण स्तरावर ही सवलत मिळत नाही. उलट ‘सेलेस्ट’ (२०१८) या डोंगर चढण्याच्या खेळात यंत्र स्वतः काहीच ठरवीत नाही. खेळाचा वेग निम्म्यापर्यंत उतरविणे, थकवा नाहीसा करणे किंवा मृत्यूच टाळणे, हे पर्याय खेळाडूपुढे उघड मांडलेले असतात, आणि हवे तेव्हा तो ते स्वीकारतो वा सोडून देतो.