ठिबक संचाच्या संगणकाचे घड्याळ

ठिबकचे व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यासाठी आपण लिनक्सवर चालणारा छोटा संगणक बसविला असेल, तर त्याच्या घड्याळाकडे जरूर लक्ष द्यावे. रात्री २ वाजता वीज गेली व पहाटे ५ वाजता आली, असे समजा. अशा अनेक संगणकांत बॅटरीवरचे घड्याळ नसते. शेवटची वेळ फाइलमध्ये तासातून एकदा लिहिली जाते व वीज आल्यावर तेथूनच मोजणी सुरू होते. घड्याळ तीन ते चार तास मागे पडते. इंटरनेटवरून वेळ दुरुस्त झाली नाही, तर ६ वाजताची पाळी ९ ते १० च्या दरम्यान लागते. तोपर्यंत त्या दिवसाची वीज संपलेलीही असू शकते.

यावर उपाय म्हणजे ३ व्होल्टच्या बटण-सेलवर चालणारे घड्याळ जोडणे. डीएस ३२३१ या चिपचे घड्याळ वर्षाला साधारण एक मिनिटच चुकते. साध्या स्फटिकाचे मात्र महिन्याला पाऊण-एक मिनिट चुकू शकते.

आता प्रोग्रॅम वेळ कशी वाचतो ते पाहू. तो कार्यप्रणालीला ‘क्लॉक-गेटटाइम’ या नावाने विचारणा करतो. उत्तर तास-मिनिटांत येत नाही. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनीच मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, तो आकडा मिळतो. त्यात १९,८०० सेकंद, म्हणजे साडेपाच तास मिळविले की भारतीय वेळ होते. ही बेरीज संगणकालाच करू द्यावी. त्यासाठी कालविभाग कोलकाता ठेवावा. तो ग्रिनीचवर राहिल्यास ६ ची पाळी साडेअकराला लागते. अशा वेळी काही जण घड्याळच साडेपाच तास पुढे करतात. तसे करू नये. इंटरनेट जोडताच ते पुन्हा मागे येते.

वेळ लावण्यासाठी ‘क्लॉक-सेटटाइम’ ही विचारणा आहे. ती करण्याचा अधिकार मुख्य वापरकर्त्यालाच असतो. इतरांना उणे १ हे उत्तर मिळते व वेळ तशीच राहते. प्रोग्रॅम लिहून घेताना हे उत्तर तपासले जाते किंवा नाही, हे अवश्य विचारावे. वेळ लागल्यावर ती ‘एचडब्ल्यूक्लॉक’ या आज्ञेने सेलवरच्या घड्याळातही उतरवावी, अन्यथा पुढच्या वेळी वीज गेल्यावर जुनीच वेळ परत येईल.

सर्वांत महागात पडणारी चूक वेगळीच आहे. व्हॉल्व्ह ४५ मिनिटे उघडा ठेवायचा असून प्रोग्रॅम भिंतीवरच्या घड्याळासारखी वेळ पाहत असेल व मध्येच घड्याळ तीन तास पुढे सरकले, तर पाणी तत्काळ बंद होते. घड्याळ मागे सरकले, तर तेवढे तास पाणी वाहत राहते. विद्राव्य खत चालू असल्यास तेही मुळांखाली निघून जाते. म्हणून पाळी केव्हा सुरू करावयाची हे साध्या घड्याळावर ठरवावे, पण ती किती वेळ चालली हे ‘मोनोटॉनिक’ घड्याळावर मोजावे. हे घड्याळ संगणक सुरू झाल्यापासून पुढेच जाते. ते कोणालाही मागेपुढे करता येत नाही.

जुन्या ३२ बिटच्या संचात सेकंदांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी भरतो. नवीन संच घेताना ६४ बिटचा काल-आकडा मागावा.

आपल्या संचाची परीक्षा सोपी आहे. पाळी नसताना इंटरनेट तोडावे, वीज अर्धा तास बंद ठेवावी व चालू झाल्यावर ‘डेट’ ही आज्ञा देऊन मनगटावरील घड्याळाशी ताडून पाहावे. फरक आढळल्यास प्रथम सेल बदलावा.